केशरची कात

"तिला पाठीवर ठेव," ललित म्हणाला.

"सापाला? पाठीवर?"

"पोट वर येईल अशी. हळूच, ताई."

मी ते पिल्लू टेबलावर अंथरलेल्या टॉवेलवर उलटं ठेवलं. पेन्सिलीएवढं अंग, नारिंगी, त्यावर विटकरी ठिपके. धडधाकट साप असा उलटा ठेवला की पापणी लवायच्या आत सुलटा होतो. हे पिल्लू झालं नाही. त्याची मान पिळल्यासारखी वर गेली, डोकं छताकडे लागलं आणि बाकीचं अंग वाट चुकल्यासारखं नुसतं गोल फिरत राहिलं.

"बस. उचल तिला," ललित म्हणाला. "कळलं."

पिल्लू घेऊन आलेला चिन्मय अजून दारातच उभा होता. चिन्मय जळगावचा, ललितचा कॉलेजातला मित्र. ललितकडची केशर नावाची मादी त्यानेच तीन वर्षांपूर्वी दिलेली. केशरच्या आईबापांची यंदा पुन्हा अंडी फुटली, त्यातलं हे पिल्लू.

"बाकीची पिल्लं एकदम झकास आहेत, भो," तो म्हणाला. "ही एकटीच अशी. परदेशात म्हणे या दोषाला तारे बघणं म्हणतात. डॉक्टर म्हणाले, झोपवून टाकू. म्हटलं, आधी तुला दाखवावी."

"मला दे."

"काय करशील तिचं?"

"पाळीन. आणखी काय करतात?"

अशी चांदणी आमच्या घरी आली.

आमचं घर भुसावळला. पप्पा रेल्वेच्या लोको शेडमध्ये होते. मी पंचवीसची, एका शाळेत गणित शिकवत होते. ललित माझ्याहून चार वर्षांनी लहान. सहा वर्षांचा असताना जिना चढताना गुडघ्यांवर हात ठेवायला लागला, पाचवीत पडायला लागला, सहावीत चाकाच्या खुर्चीत बसला. स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं होतं, पण आमच्या घरात ते नाव कोणी उच्चारत नसे. आई म्हणायची, "ललितचं दुखणं." बाहेरच्यांनी विचारलं तर पप्पा सांगायचे, लहानपणी ताप आला, त्यात पाय गेले.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत आम्ही त्याला उचलून कॉलेजात पोहोचवलं. मग हातही दमायला लागले आणि तो घरी बसला. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी कसाबसा उचलायचा. बोटं मात्र फोनवर सरसर चालायची, आणि जीभ त्याहून.

साप त्याने कॉलेजच्या पहिल्याच वर्षी आणले होते. ही कॉर्न स्नेक जात अमेरिकेतली, बिनविषारी, गरीब स्वभावाची. आपल्याकडचा साप घरात ठेवणं गुन्हा आहे, हे परदेशी आहेत आणि वनखात्याकडे यांची रीतसर नोंद केली आहे, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. "सापच का रे?" असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "हातपाय नसून कुठे अडतं का यांचं? शिकतोय."

आई माळकरी. आमच्या स्वयंपाकघरात कधी अंडं आलं नाही, आणि ललितच्या खोलीतल्या छोट्या फ्रीजमध्ये उंदरांची गोठवलेली पिल्लं. पहिले आठ दिवस ती त्या खोलीत डोळे मिटून जायची. पण एप्रिलात भुसावळची भट्टी पेटली तेव्हा घरातला एकुलता कूलर तिनेच ओढत त्याच्या खोलीत नेऊन लावला. "मुकी जनावरं आहेत," एवढंच म्हणाली. आम्ही बाकीचे घाम पुसत बसलो.

केशर आणि माणिक अशी जोडी होती. माणिक पुण्याहून आलेला. ललितला केशरची अंडी बघायची होती, आणि त्यासाठी तो तीन वर्षं थांबला होता. मादी पुरत्या वयाची नि वजनाची व्हायला हवी, कोवळ्या वयात अंडी धरली तर जिवावर बेततं. जोडी लावण्याआधी थंडीत दोघांना गार ठेवावं लागतं, तेही झालं होतं. अंडी ठेवायला सारख्या उबेचा डबा माझ्याकडून बनवून घेतला होता. कोणतं पिल्लू कोणाकडे जाईल, तेही ठरवत होता. चिन्मयला हसू यायचं. "अंडी तर घालू दे! मग बघू ना."

"जन्माला घातल्यावर काय बघायचं?" ललित म्हणायचा. "आधीच बघायचं असतं."

चांदणी आली आणि त्याने सगळं थांबवलं.

"पत्त्यांचा जोड आण," त्या दुपारी तो मला म्हणाला. "दोन लाल काढ, दोन काळे. लाल म्हणजे ठीक, काळा म्हणजे दोष. प्रत्येक सापाकडे दोन पत्ते, एक आईचा, एक बापाचा. आता केशरसमोर एक लाल, एक काळा ठेव."

"पण केशर तर चांगली आहे."

"लाल पत्ता काळ्याला झाकतो. म्हणून ती चांगली दिसते. आत काय आहे ते दिसत नाही. पण चांदणी तिची सख्खी बहीण, म्हणजे काळा पत्ता केशरकडेही असू शकतो. समज, माणिककडेही असला. पिल्लाला दोघांकडून एकेक पत्ता मिळणार. मांड बघू."

मी मांडले. लाल-लाल. लाल-काळा. काळा-लाल. काळा-काळा.

"गणिताच्या बाई, चारात एक," तो म्हणाला. "आणि चार अंड्यांत मोजून एक असंही नाही. प्रत्येक अंड्याला पत्ते नव्याने पिसले जातात."

सापाने टाकलेली कात पाठवली की तिच्यावरून दोष आहे की नाही ते सांगणारी प्रयोगशाळा त्याने शोधून काढली होती, परदेशातली. मग आम्ही केशरच्या कातीची वाट बघायला लागलो. तिचे डोळे दुधाळ झाले, रंग उतरला, खाणं सुटलं, आणि एका सकाळी दगडाला अंग घासून तिने कात टाकली. अख्खी, शेपटीच्या टोकापर्यंत. मी ती सोडवून घेतली. इतकी हलकी की हातावर आहे की नाही ते कळेना. पाठोपाठ माणिकची. मी दोन पाकिटं केली, त्याने सांगितलं तशी नावं घातली आणि पोस्टात टाकून आले.

त्याच दिवसांत माझं लग्न ठरलं. पराग, जळगावला वीज मंडळात इंजिनीअर. शांत माणूस, ऐकून घेणारा. बघायला आले तेव्हा परागच्या आईने ललितकडे पाहून मायेने विचारलं, "याला काय झालं हो?" पप्पा म्हणाले, "लहानपणीचा ताप." मी पोह्यांच्या बशा उचलत होते. ललित खुर्चीत होता, सगळं ऐकत होता. पाहुणे गेल्यावर मला म्हणाला, "ताई, चांदणीला भरवायचंय. ये."

चांदणीला भरवणं म्हणजे कसरत. कोमट पाण्यात उंदराचं पिल्लू मऊ करायचं, चिमट्यात धरायचं, आणि तिचं डोकं ज्या बाजूला वळेल त्या बाजूला चिमटा न्यायचा. ती झेप घेते एकीकडे, तोंड जातं दुसरीकडे. मी वैतागायचे. ललित मात्र शेजारी बसून हळू आवाजात सांगत राहायचा, "डावीकडे... आणखी... थांब, तिला येऊ दे. येईल ती." आणि ती यायची. घास गिळला की तो असा खूश व्हायचा, जणू त्यालाच भूक लागली होती.

निकाल ईमेलवर आला. ललितने वाचला आणि चिन्मयला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"दोघंही वाहक आहेत रे. केशर पण, माणिक पण."

"अरे, पण चारात एकच ना? तीन चांगली निघतील! केशरसारखी देखणी पिल्लं, भो. लोक रांग लावतील."

"आणि चौथं? त्याला कोण भरवणार, तू?"

पलीकडे चिन्मयने नुसता घसा खाकरला.

"आणि त्या तीन चांगल्यांतली बहुतेक पुन्हा काळा पत्ता घेऊनच जाणार. न सांगता वाटली तर दहा घरांत हेच. नाही रे. ही जोडी नाही लावायची. आणि तुझ्याकडची जोडीही आता वेगळी ठेव."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ केशरकडे बघत होता. तीन वर्षं त्याने या अंड्यांची वाट पाहिली होती, ते मला ठाऊक होतं. उबेचा तो रिकामा डबा कोपऱ्यात होता. का कोण जाणे, मला त्याचाच राग आला.

"मग चांदणी जन्मायलाच नको होती, असं म्हणायचंय का तुला?"

त्याने मान माझ्याकडे वळवली. मान वळवायलाही त्याला हल्ली वेळ लागायचा.

"तसं म्हटलं का मी?"

"मग दुसरा काय अर्थ होतो?"

"ताई," तो म्हणाला, "सापांत दोन्हीकडून काळा पत्ता यावा लागतो. माझ्या दुखण्यात मुलाला आईकडचा एकच पुरतो. झाकायला मुलाकडे दुसरा पत्ताच नसतो."

"आणि मुलीकडे?" मी विचारलं.

"मुलीकडे असतो. म्हणून ती धडधाकट दिसते. तुझ्यासारखी." तो क्षणभर थांबला, दम घेतला. "तू तपासून घेतलंस?"

पत्ते मांडण्यापासून कात पाठवण्यापर्यंत तो इतके दिवस कोणाशी बोलत होता, ते मला तेव्हा कळलं.

दारात स्टीलचा पेला वाजला. आई ताक घेऊन उभी होती. किती वेळची, कोण जाणे.

"तिला कशाला घाबरवतोस?" ती म्हणाली. "लग्न ठरलंय पोरीचं."

"म्हणूनच, आई. मी घाबरवत नाहीये. कधी कधी हे आईत नसतंच, मुलात नव्याने होतं. नसेलही तिच्यात. अंदाज नको, रक्त तपासलं की कळेल."

आईने पेला टेबलावर ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसली. तिची नजर फरशीवर होती.

"नव्याने नाही झालं," ती म्हणाली.

"म्हणजे?" ललितने विचारलं.

"माझा भाऊ होता, नाना. तुमच्या शालूमावशीच्या पाठचा. तुम्ही नाही पाहिला. तोही असाच गुडघ्यांवर हात ठेवून उठायचा. असाच पडायचा. सोळाव्या वर्षी गेला. माहेरी रावेरला सगळे म्हणायचे, पोलिओ. आम्हीही तेच म्हणायचो." तिने पदर बोटाला गुंडाळला. "मुंबईला डॉक्टर बोलले ना, तेव्हा मला कळलं. पण कळून काय उपयोग? तू सहा वर्षांचा झाला होतास. मला आधी कोणी सांगितलं असतं तर..."

"तर मी नसतो," ललित म्हणाला.

"असं बोलू नको रे!"

"बोलू दे ना, आई. मी आहे म्हणून मलाच बोलता येतं." तो हसला, पण हलकेच. "चांदणीला मी जीव लावतो. ती नको होती, असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. आणि केशर-माणिकची जोडीही लावणार नाही. मला या दोन्ही गोष्टी एकदमच वाटतात. ताईने तपासावं. पुढे काय करायचं ते तिचं आणि परागचं. फक्त न बघता नको."

"माझ्यामुळे झालं सगळं," आई म्हणाली. पंधरा वर्षांत तिच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. तिचा चेहराच सांगत होता, की मनात मात्र ते रोज उठत होतं.

ललित काचेच्या पेटीकडे बघत होता. "केशरचा काय दोष आहे, सांग. तिला ठाऊक तरी आहे का, आपल्यात काय आहे ते?"

आई उठली, त्याच्याजवळ गेली आणि त्याचं डोकं पोटाशी धरून रडली. मी त्या खोलीत तशीच उभी राहिले. कूलर घरघरत होता. ललितला रडताना मी पाहिलं नाही, त्याचा चेहरा तिच्या पदरात होता.

दुसऱ्या दिवशी मी जळगावला जाऊन परागला भेटले. रसाच्या दुकानात बसून सगळं सांगितलं. आजाराचं नाव, नानामामा, मी वाहक असेन तर मुलगा झाल्यास काय होऊ शकतं, सगळं. तापाची गोष्ट खोटी होती, हेही.

त्याचा रस तसाच राहिला. "तुमच्या घरी हे ठाऊक होतं?"

"नाव ठाऊक होतं. बोलत कोणी नव्हतं."

"आणि तू?"

"मीही नव्हते बोलत."

"विचार करतो," तो म्हणाला. मला बसस्टँडवर सोडलं आणि गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही. पप्पा माझ्याशी बोलेनात. त्यांना वाटलं, पोरीने हाताने घर मोडलं. आई मात्र सकाळी उठून माझ्याबरोबर रक्त द्यायला आली. तिने स्वतःचंही दिलं. सुई टोचताना माझा हात धरला होता तिने, लहानपणी धरायची तसा.

निकालाच्या आधीच एका रविवारी पराग आला. न कळवता. पप्पांना नमस्कार केला आणि सरळ ललितच्या खोलीत गेला.

"मला समजावून सांग," तो ललितला म्हणाला. "मी वाचलं बरंच, पण नीट कळलं नाही."

"सांगतो. आधी हिला धरा." ललितने मला खूण केली. मी केशरला परागच्या हातावर सोडलं. बिचारा विजेचा खांब झाला. केशर त्याच्या मनगटावरून बाहीत शिरायला बघत होती आणि तो श्वास धरून विचारत होता, "ही चावत नाही ना?"

"उंदरासारखा वास आला तर चावेल. हात धुतलेत ना?"

दोघं दुपारभर बोलत होते. मी चहा नेला तेव्हा टेबलावर पत्ते मांडलेले होते आणि पराग मान डोलावत होता. बाहेर आल्यावर तो पप्पांसमोर बसला.

"काका, माझ्या घरी मी सांगेन. आई चिडेल, थोडे दिवस बोलणार नाही. तपासणीत जे यायचं ते येऊ दे. डॉक्टरांना भेटू, ते सांगतील तसं ठरवू. माझी एकच विनंती आहे. ती तापाची गोष्ट आता कोणालाही सांगायची नाही."

पप्पांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. पुसून झाला तरी पुसतच होते.

आमचं लग्न झालं. परागच्या आई त्यात थोड्या घुश्शातच वावरल्या, पण ललितला वाढायला त्या स्वतः बसल्या. पुढे आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने सगळ्या तपासण्या केल्या, आणि चार वर्षांनी मुलगी झाली. ललितने तिला मांडीवर घेतलं, मी खालून हात लावून धरलं होतं. तिच्याकडे कोणता पत्ता आहे ते ती मोठी झाली की तीच ठरवून बघेल. तिला सांगायला मात्र आम्ही आहोत. ललित सव्वीस वर्षांचा होऊन गेला. शेवटी श्वासाला यंत्र लागलं होतं, तरी चांदणीला कसं भरवायचं ते तो आईला बाजूने सांगत असायचा. आता आईला सांगावं लागत नाही.

पण हे सगळं नंतरचं. माझा निकाल आला ती एप्रिलमधली संध्याकाळ होती. पप्पा ड्यूटीवर होते. मी ललितच्या खोलीत फोन उघडला, वाचला, आणि त्याच्याकडे पाहिलं.

"आहे," मी म्हटलं. "आईतही आहे, माझ्यातही."

"बरं," तो म्हणाला. "कळलं ते बरं झालं."

मला वाटलं होतं, मी मोडून पडेन. तसं काही झालं नाही. मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याचा हात माझ्या हातात घेतला. केशर पेटीत पाण्याच्या वाटीभोवती वेटोळं घालून पडली होती. आई दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. मग ती आत आली, माझ्या हातातला फोन घेतला आणि रावेरचा नंबर लावला. शालूमावशीचा.

"शालू? मी बोलते. जेवलीस का?... हो, बरे आहेत सगळे. अगं, तुझ्या डिंपलचं लग्न कुठे ठरवलंत का?... बघताय? बरं. मग एकदा येऊन जा माझ्याकडे. काम आहे जरा... नाही, फोनवर नाही सांगता येणार."

तिने ललितकडे पाहिलं.

"नाही, थांब, शालू. ठेवू नको. फोनवरच सांगते."